ओंडका का तडकतो?

पावसाळ्यात पुण्याच्या कसबा पेठेत झाड उन्मळून पडलं, की त्याचं बहुधा सरपण होतं. त्याच ओंडक्यातून चेनसॉने बाक किंवा शिल्प घडू शकतं. फक्त ओल्या लाकडाचा स्वभाव ओळखायला हवा.

लाकडातलं पाणी पेशींच्या पोकळीत असतं आणि पेशींच्या भिंतींतही. आधी पोकळीतलं पाणी उडतं. ओलावा सुमारे ३० टक्क्यांखाली उतरला, की भिंती सुकतात आणि लाकूड आकसू लागतं. वाढीच्या वर्तुळांच्या दिशेने ते जितकं आकसतं, त्याच्या जवळपास निम्मंच गाभ्याकडून सालीकडे. या ओढाताणीत ओंडका तडकतो. म्हणून कारागीर गाभा पोखरतात किंवा मागच्या बाजूने गाभ्यापर्यंत खाच पाडतात. ताण तिथेच मोकळा होतो.

कापलेल्या टोकांतून पाणी सर्वांत वेगाने ये-जा करतं. त्यामुळे टोकांना मेण लावून ओंडका सावलीत सुकवतात. जुन्या वाड्यांचे सागवानी खांबही दगडी तळखड्यावर उभे असतात, ते जमिनीची ओल टोकातून वर चढू नये म्हणून.

पुण्याच्या रस्त्यांवरचा पर्जन्यवृक्ष मात्र फार कमी आकसतो. तो ओला असतानाही कोरता येतो. असं लाकूड जाळण्याआधी एखाद्या कारागिराला जरूर दाखवावं.