उद्या बंदर लागणार

लांबच्या सफरीत समुद्रावरचा शेवटचा दिवस प्रवाशांना रिकामा वाटतो. पाहायला बेट नाही, उतरायला गाव नाही. बॅगा भरायच्या आणि नव्या ओळखीच्या माणसांचे पत्ते लिहून घ्यायचे, एवढंच काम. इंजिनरूममध्ये मात्र याच दिवशी सगळ्यांत जास्त धावपळ असते. प्रवासी बोटींवर इंजिनिअर म्हणून मी बरीच वर्षं काढली. वरच्या डेकच्या गोष्टी पुष्कळांनी सांगितल्या आहेत, म्हणून आज तुम्हाला खाली घेऊन जातो.

समजा, सव्वातीन महिन्यांची जगप्रदक्षिणा संपत आली आहे. मदेरा बेट सोडून बोट उत्तरेला निघाली आहे आणि उद्या पहाटे इंग्लंडच्या साउदॅम्प्टन बंदरात शिरायचं आहे. बिस्केचा उपसागर मागे पडला, फ्रान्सचं टोक उजव्या हाताला आलं, की पुढे इंग्लिश खाडी. तिच्या तोंडाशी, ५ अंश पश्चिम रेखांशावर, एक न दिसणारी रेघ आहे. तिच्या पूर्वेला गेलात की इंधनात गंधक ०.१० टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही, हा नियम १ जानेवारी २०१५ पासूनचा. खुल्या समुद्रात २०२० पासून ०.५० टक्के चालतं. त्याआधी तर साडेतीन टक्क्यांपर्यंत मुभा होती. धूर धुऊन काढणारं यंत्र बसवलेल्या बोटींना इंधन बदलावं लागत नाही. बाकीच्यांनी रेघ येण्याआधीच बदलायचं.

ऐकायला हे गाडीत पेट्रोलऐवजी दुसरं काही भरण्याइतकं सोपं वाटेल. पण जड तेल थंड असताना डांबरासारखं असतं. इंजिनात जाण्यापूर्वी ते सव्वाशे अंशांच्या वर तापवावं लागतं. हलकं डिझेल इतकं तापवायचंच नसतं. इंधनपंपातला दट्ट्या आणि त्याची नळी यांत काही मायक्रॉनचीच फट. गरम पंपात एकदम गार तेल आलं तर नळी आकसते, दट्ट्या अडकतो आणि ऐन गर्दीच्या खाडीत इंजिन बंद पडू शकतं. म्हणून तापमान मिनिटाला दोन अंशांहून जास्त उतरू द्यायचं नाही. शिवाय पाइपांत राहिलेलं जुनं तेल जळून जायला काही तास लागतात. हलकं तेल महाग, त्यामुळे फार लवकर बदललं तर खर्च वाढतो. उशीर झाला तर कायदा मोडतो. चीफ इंजिनिअर त्या दुपारी एक डोळा घड्याळावर आणि एक नकाशावर ठेवून बसलेला असतो. बदल पूर्ण झाल्याची वेळ, जागा आणि टाक्यांतला साठा वहीत लिहावा लागतो. बंदरात तपासनीस ती वही मागतो, कधी तेलाचा नमुनाही घेतो.

पाण्याचंही तसंच. बोटीवर गोडं पाणी इंजिनाच्याच उष्णतेवर तयार होतं. हवा काढून घेतलेल्या भांड्यात समुद्राचं पाणी चाळीस-पन्नास अंशांनाच उकळतं. म्हणजे फुकटात पाणी! पण एवढ्याशा उष्णतेत सगळे जंतू मरतील याची खात्री नसते. म्हणून किनाऱ्यापासून वीस सागरी मैलांच्या आत सहसा पिण्याचं पाणी करत नाहीत, आणि शेवटच्या दिवशी टाक्या आधीच भरून घेतात. खरकट्याचाही हिशेब असतो. या खाडीत ते बारीक दळूनच, आणि किनाऱ्यापासून बारा मैलांपलीकडेच सोडता येतं. प्लॅस्टिक जगात कुठल्याच समुद्रात टाकता येत नाही.

रात्री बॅगा केबिनच्या दाराबाहेर येतात. सगळे कपडे बॅगेत गेले आणि सकाळी अंगावर पायजमाच उरला, असा एखादा गृहस्थ प्रत्येक सफरीत निघतोच. हजारो बॅगा कर्मचाऱ्यांच्या लांबलचक बोळातून पुढे सरकतात. अनेक ब्रिटिश बोटींवर या बोळाला ‘बर्मा रोड’ म्हणतात. तिथे कोंकणी, मराठी सर्रास कानावर पडते. गोव्याची माणसं या बोटींवर कैक पिढ्या आहेत. धोबीतलावच्या कुडींत राहून बोटीची वाट पाहणाऱ्यांची ती परंपरा.

त्यांच्यासाठी हा दिवस शेवटचा असेलच असं नाही. सकाळी नऊला रिकामी झालेली केबिन दुपारी नव्या प्रवाशांना द्यायची असते. कागदावर नियम आहे: चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती. बंदराच्या दिवशी तो पाळताना पर्यवेक्षकांच्या नाकी नऊ येतात, आणि झळ बसते ती सर्वांत खालच्या पोरांना. ज्यांचा करार संपतो ते मात्र त्या रात्री झोपतच नाहीत.

मार्च २०२० मध्ये करोनामुळे प्रवासी बोटी थांबल्या, तेव्हा हा ‘उद्या’ अनेकांना आलाच नाही. प्रवासी उतरले, कर्मचारी बोटीवरच अडकले. ‘मरेला डिस्कव्हरी’ या बोटीवरच्या सुमारे दीडशे भारतीयांना एप्रिल २०२० च्या अखेरीस मुंबईत उतरता आलं, तेही सरकारने त्यासाठी खास नियमावली काढल्यावर. कित्येकांना त्यानंतरही थांबावं लागलं. समोर मुंबईचे दिवे आणि मधे पाणी, ही अवस्था आपल्याकडच्या किती घरांनी तेव्हा सोसली असेल!

पहाटे आयल ऑफ वाइटच्या पूर्वेला, नॅब मनोऱ्याजवळ, पायलट चढतो. साउदॅम्प्टनच्या पाण्याची एक गंमत आहे. तिथे भरती दुहेरी येते, त्यामुळे भरलेलं पाणी बराच वेळ टिकतं आणि मोठ्या बोटींना आत शिरायला सवड मिळते. सहाच्या सुमारास दोर बांधले जातात. खाली आम्ही इंजिनं बंद करतो, वहीवर सही करतो, तोवर पुढच्या सफरीच्या तेलाची बार्ज बाजूला लागलेली असते.