कंदिलाची काच का तडकते?

कंदिलाच्या तापलेल्या काचेवर पाण्याचा थेंब उडाला, की ती तडकलीच. दोष उष्णतेचा नव्हे, तफावतीचा. काच उष्णतेची मंदवाहक. थेंब पडला ती जागा गार होऊन आक्रसते, भोवतालची काच तशीच प्रसरण पावलेली राहते आणि त्या ओढाताणीत तडा जातो.

साधी काच म्हणजे वाळू, सोडा आणि चुना. नुसती वाळू वितळायला सुमारे १७०० अंश सेल्सिअस लागतात; सोडा घातला की बऱ्याच कमी तापमानात भागतं. पण नुसत्या सोड्याची काच पाण्यात विरघळते, म्हणून चुना. घडवलेली काच मग वेगळ्या भट्टीत सावकाश निववतात. इथे घाई झाली, तर आत ताण उरतो आणि काच कधीकधी धक्का न लागताही फुटते.

महाराष्ट्रात हा धंदा रुजला तो खरोखर पैशापैशाने: अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगावात काच कारखाना निघाला. पुढे कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचा ‘प्रभाकर’ कंदील घरोघर पोचला.

प्रयोगशाळेतली बोरोसिलिकेट काच साध्या काचेच्या जेमतेम तिसरा हिस्सा प्रसरण पावते, म्हणून टिकते. घरातला चहाचा ग्लास सहसा तसला नसतो. उकळता चहा ओतण्याआधी तो कोमट पाण्याने विसळून घ्यावा.