चालू कर्जात मोठं घर : ऐकीव गोष्टी आणि खरा हिशेब

पुण्यातलं कोथरूड, वारजे, धायरी, वाकड नाहीतर हडपसर. कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये रविवारी सकाळी पाच मिनिटं रेंगाळलं तरी हा विषय कानावर पडतो. टू बीएचके घेऊन सात-आठ वर्षं झालेली असतात. मुलं मोठी झालेली, आई-वडील गावाहून कायमचे राहायला आलेले, शिवाय आठवड्यातले दोन दिवस ऑफिस घरातच. एक खोली कमी पडते. पण कर्ज अजून डोक्यावर असतं आणि त्याबद्दल जो तो आपलं ज्ञान वाटत असतो. त्यातलं बरंच ज्ञान शिळं, काही मुळातच चुकीचं. माझं मत आधीच सांगून टाकतो : मोठ्या घराच्या आड चालू कर्ज फारसं येत नाही. आड येते हातातली रोख रक्कम आणि व्यवहारांचा चुकलेला क्रम.

हिशेबासाठी एक कुटुंब कल्पू. २०१८-१९ मध्ये त्यांनी साडेबासष्ट लाखांचा फ्लॅट घेतला. कर्ज ५० लाख, मुदत २० वर्षं, व्याज सोयीसाठी कायम साडेआठ टक्के धरू. हप्ता ४३,३९१ रुपये. आज हा फ्लॅट ८० लाखांना जाईल असा अंदाज आहे आणि नजर आहे १ कोटी २० लाखांच्या थ्री बीएचकेवर.

‘सात वर्षं हप्ते भरले, म्हणजे बरंच कर्ज फिटलं’

सात वर्षांत ८४ हप्ते, म्हणजे जवळजवळ साडेछत्तीस लाख रुपये गेले. त्यातून मुद्दल फिटलं फक्त ९ लाखांच्या आसपास. बाकी सगळं व्याज. आज बाकी आहे सुमारे ४० लाख ९० हजार. सुरुवातीच्या वर्षांत हप्त्याचा मोठा भाग व्याजातच जातो, यात बँकेची लबाडी काही नाही.

प्रत्यक्षातलं चित्र याहून वाईट असू शकतं. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ वरून साडेसहा टक्क्यांवर गेला. तेव्हा अनेक बँकांनी हप्ता तोच ठेवला आणि मुदत वाढवली. हप्ता बदलला नाही म्हणून लोक निर्धास्त राहिले. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं की, दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारलं पाहिजे. २०२५ मध्ये फेब्रुवारी ते जून रेपो दर १ टक्क्याने उतरला, तेव्हा तुमच्या खात्यात काय झालं ते एकदा पाहाच. कर्जाच्या उताऱ्यावर हप्त्याच्या आकड्याआधी उरलेली मुदत वाचा.

‘कर्ज फिटल्याशिवाय घर विकता येत नाही’

पुण्यात पुनर्विक्रीचे असे व्यवहार रोज होतात. मूळ कागद बँकेकडे गहाण असतात, एवढंच. विकणारा बँकेकडे फोरक्लोजर लेटर आणि कागदपत्रांची यादी मागतो. या यादीला सगळे ‘एलओडी’ म्हणतात. फोरक्लोजर लेटरवर बाकी मुद्दल, त्या तारखेपर्यंतचं व्याज आणि पुढच्या प्रत्येक दिवसाचं व्याज लिहिलेलं असतं. आपल्या कुटुंबाच्या बाबतीत ते दिवसाला साडेनऊशे रुपयांच्या घरात जाईल. व्यवहार महिनाभर लांबला तर किती जातील, ते तिथेच कळतं.

मग दुय्यम निबंधकाकडे करार नोंदवला जातो. खरेदीदाराची बँक आपल्या कर्जातला पहिला चेक विकणाऱ्याच्या नावाने काढतच नाही. तो विकणाऱ्याच्या बँकेच्या नावाने निघतो आणि त्यावर कर्जखात्याचा क्रमांक असतो. चेक वटला, खातं शून्य झालं, की मूळ कागद सुटतात आणि बहुतेक वेळा थेट खरेदीदाराच्या बँकेकडे जातात. उरलेली रक्कम विकणाऱ्याला मिळते. पुणेरी खरेदीदार शंकेखोर खरा, पण सुरुवातीलाच ही दोन कागदं समोर ठेवली की त्याच्या निम्म्या शंका फिटतात.

याला जोडून आणखी दोन समज आहेत. एक, मुदतीआधी कर्ज फेडलं की दंड बसतो. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जावर बँकांना २०१२ पासून असा दंड लावता येत नाही. दुसरा, बँक कागद देताना महिनोन्‌महिने रखडवते. रिझर्व्ह बँकेच्या १ डिसेंबर २०२३ पासूनच्या नियमानुसार पूर्ण परतफेडीनंतर ३० दिवसांत मूळ कागद परत द्यायचे आणि नोंदवलेला बोजाही काढायचा. बँकेमुळे उशीर झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते.

‘किमतीच्या नव्वद टक्के बँक देते’

सगळ्यात महाग पडणारा गैरसमज हाच. नव्वद टक्के मिळू शकतात ते ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला. ३० ते ७५ लाखांपर्यंत मर्यादा ८० टक्के आणि ७५ लाखांच्या वर ७५ टक्के. मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च यात धरत नाहीत, तो खिशातूनच.

आता १ कोटी २० लाखांचं घर घ्या. कर्ज जास्तीत जास्त ९० लाख, म्हणजे ३० लाख पदरचे. पुणे शहरात ५ टक्के मुद्रांक शुल्क, १ टक्का स्थानिक संस्थेचा अधिभार आणि १ टक्का मेट्रोचा, एकूण ७ टक्के : ८ लाख ४० हजार. नोंदणी फी १ टक्का, पण कमाल मर्यादा ३० हजार. बांधकाम चालू असेल तर ५ टक्के जीएसटी, ६ लाख. भोगवटापत्र मिळालेल्या आणि पुनर्विक्रीच्या घराला जीएसटी नाही. म्हणजे बांधकाम चालू असलेल्या घरासाठी ४४ लाख ७० हजार रोख लागतात आणि तयार घरासाठी ३८ लाख ७० हजार.

हातात येतात किती? ८० लाखांतून कर्जाचे ४० लाख ९० हजार गेले. ५० लाख किंवा त्याहून जास्त किमतीच्या घराचा खरेदीदार १ टक्का टीडीएस कापतो. ते ८० हजार विवरणपत्र भरल्यावर जमा धरले जातात, पण त्या दिवशी हातात नसतात. एजंटची १ टक्का दलाली धरली तर आणखी ८० हजार. उरले साडेसदतीस लाख. तयार घर घेतलं तर तूट १ लाख २० हजारांची, बांधकाम चालू असलेलं घेतलं तर ७ लाख २० हजारांची. यात पडदे, फर्निचर, सोसायटीची आगाऊ वर्गणी, नव्या घराची दलाली काहीच धरलेलं नाही. आणि हप्ता ४३ हजारांवरून ७८ हजारांवर गेलेला असतो. मुदत १८ वर्षांची मिळाली तर साडेएक्याऐंशी हजारांवर. चाळिशी ओलांडलेल्या नोकरदाराला बँक निवृत्तीच्या वयाकडे पाहूनच मुदत देते, हे बहुतेकांना बँकेच्या खुर्चीत बसल्यावर कळतं.

‘आधी नवं घर पक्कं करू, जुनं काय, विकलं जाईलच’

जातं, पण तुम्हाला हव्या त्या महिन्यात आणि हव्या त्या भावात जाईलच असं नाही. आणि नव्या घराच्या हप्त्याची तारीख ठरलेली असली की खरेदीदाराला तुमची घाई लगेच कळते. दरम्यानच्या काळासाठी काही बँका तात्पुरतं कर्ज देतात, त्याला ब्रिज लोन म्हणतात. पण मुदत थोडी आणि जुनं घर अडकलं तर दोन्ही कर्जांचं व्याज चालू. एक गृहकर्ज चालू असताना दुसरं मिळतच नाही, हेही खरं नाही. मिळतं, फक्त सगळ्या हप्त्यांची बेरीज उत्पन्नाच्या चाळीस-पन्नास टक्क्यांत बसते का, हे बँक बघते.

तयार घर घ्यायचं असेल तर आधी विका, असं मी म्हणेन. विक्रीच्या करारात ताबा चार-सहा महिन्यांनी देण्याचं कलम घालता येतं. नाहीच जमलं तर वर्षभर भाड्याने राहा. सामान दोनदा हलवणं कोणालाच आवडत नाही, पण घाईत पाच लाख कमी घेण्यापेक्षा ते स्वस्त. बिल्डरकडे बुकिंग करत असाल तर रेरा कायद्याचं कलम १३ लक्षात असू द्या : नोंदणीकृत करारनाम्याशिवाय त्याला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही.

‘विकून कर्ज फेडलं, मग नफा कुठला आणि कर कसला?’

आयकर खात्याला तुमच्या कर्जाशी देणंघेणं नाही. नफा म्हणजे विक्रीची किंमत वजा खरेदीची. कर्ज फेडायला गेलेले ४१ लाख त्यातून वजा होत नाहीत. दुसऱ्या टोकाचा समजही चूक : कर लागतो तो नफ्यावर, आलेल्या पूर्ण रकमेवर नव्हे. दोन वर्षांहून जास्त काळ ठेवलेल्या घरावर २३ जुलै २०२४ पासून साडेबारा टक्के दर आहे आणि महागाईची वजावट नाही. मात्र त्या तारखेच्या आधी घर घेतलेल्या निवासी व्यक्तीला जुन्या पद्धतीने, २० टक्के आणि महागाई निर्देशांक धरून, कर कमी येत असेल तर तो भरता येतो. आपल्या कुटुंबाने २०२५-२६ मध्ये घर विकलं असेल तर निर्देशांक २८० वरून ३७६ वर गेला. खरेदीची किंमत धरली जाते जवळपास ८४ लाख. म्हणजे कर शून्य. जिथे खरंच नफा उरतो तिथे तो विक्रीच्या एक वर्ष आधी किंवा नंतरच्या दोन वर्षांत घेतलेल्या, अथवा तीन वर्षांत बांधलेल्या घरात गुंतवला की सूट मिळते. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत पैसे वापरले गेले नाहीत तर ते भांडवली नफ्याच्या खास खात्यात ठेवावे लागतात. नेहमीच्या बचत खात्यात ठेवून चालत नाही.

‘बायकोचं नाव घातलं की एक टक्का वाचतो’

१ एप्रिल २०२१ पासून महिलांना मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, पण सगळे खरेदीदार महिला असतील तरच. नवरा-बायको दोघांचं नाव असेल तर पूर्ण ७ टक्के. आणि जुनं घर नवऱ्याचं, नफा त्याचा, पण नवं घर फक्त बायकोच्या नावावर, असं असेल तर नफ्यावरच्या सवलतीवरून आयकर खात्याशी वाद होऊ शकतो. १ लाख २० हजार वाचवण्याआधी सीएला विचारा.

‘जुनं भाड्याने देऊ, हप्ता त्यातूनच निघेल’

८० लाखांच्या फ्लॅटला महिना २५ हजार भाडं मिळालं असं धरलं तरी वर्षाचे ३ लाख, म्हणजे पावणेचार टक्के. कर्ज साडेआठ टक्क्यांचं. ४३ हजारांचा हप्ता २५ हजारांत कसा निघणार?

त्यातूनही गळती आहे. मालक स्वतः राहत नसेल तर सोसायटी सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत ना-वापर शुल्क घेते. महापालिकेच्या मिळकतकराचं गणितही बदलतं. स्वतः राहणाऱ्या मालकाला पुणे महापालिका १९७० पासून ४० टक्के सवलत देते. मधल्या काळात ती काढून घेतली गेली, केवढा गदारोळ झाला आणि २०२३ मध्ये परत आली, तीही पीटी-३ अर्ज भरून स्वतः राहत असल्याचा पुरावा देणाऱ्यांना. भाडेकरू ठेवला की जुन्या घराची सवलत संपली. आणि मुळात जुनं घर ठेवलं तर नव्या घरासाठीचे साडेसदतीस लाख येणार कुठून?

सोसायटीची ‘एनओसी’

थोडक्यात : आदर्श उपविधींप्रमाणे फ्लॅट हस्तांतरणाला सोसायटीची ना-हरकत लागत नाही; बँक मागते म्हणून ती घ्यावी लागते. महापालिका हद्दीत हस्तांतरण अधिमूल्याची मर्यादा २५ हजार रुपये आहे. ‘ऐच्छिक देणगी’ मागणाऱ्या सेक्रेटरींना २००१ चं सरकारी परिपत्रक दाखवावं.

‘थ्री बीएचके म्हणजे मोठं घर’

टेप घेऊन जा. पूर्वी १,००० फूट ‘सेलेबल’ म्हणून घेतलेल्या टू बीएचकेवर ३५ टक्के लोडिंग असेल तर आतली जागा ७४० फूट. रेरा आल्यापासून विक्री कार्पेटवर व्हायला हवी. रेराच्या कार्पेटमध्ये आतल्या भिंती धरतात. बाहेरच्या भिंती, डक्ट आणि बाल्कनी धरत नाहीत. पण सेल्स ऑफिसमध्ये सांगितला जाणारा ‘टोटल कार्पेट’ हा बाल्कनी आणि ड्राय बाल्कनी मिळवून केलेला आकडा असतो. साडेआठशे फुटांत तीन बेडरूम बसवल्या की तिसरीत पलंग टाकल्यावर कपाटाचं दार उघडत नाही. खोल्या मोजण्याआधी करारनाम्यातला रेरा कार्पेट आपल्या आत्ताच्या घराच्या मापाशी ताडून पाहा.

‘हद्दीत आलं म्हणजे पाणी आलं’

बजेट पुरत नाही म्हणून लोक शहराच्या कडेला सरकतात. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं पालिकेत आली. मिळकतकराचं बिल लवकर आलं, नळ मागाहून. अनेक मोठ्या गृहप्रकल्पांत अजूनही टँकर चालतात आणि त्याचा खर्च मासिक देखभालीत लागतो. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या किरकटवाडी, नांदेड, धायरी भागात गुइलेन-बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा सगळ्यांचं लक्ष पिण्याच्या पाण्याकडे गेलं. करारनाम्यात पाण्याची जबाबदारी कोणावर टाकली आहे ते वाचा आणि त्या सोसायटीत राहणाऱ्या कोणाकडून तरी एप्रिल-मे महिन्यातलं देखभालीचं बिल मागून पाहा.

टोकनचा चेक लिहिण्याआधी बँकेतून फोरक्लोजर लेटर, एलओडी आणि नव्या कर्जाची लेखी मंजुरी, एवढी तीन कागदं हातात घ्या. घरं बघायला त्यानंतर निघा.