पुश : हॉकीतला न वाजणारा पास

हॉकीतला गोल सगळ्यांना दिसतो, त्याआधीचा पास थोड्यांनाच. नागपुरात विदर्भ हॉकी असोसिएशनच्या मैदानावर मुलं खेळताना पाहिली, की मी चेंडू सोडून त्यांच्या हातांकडे बघतो. बहुतेकांना हिट मारायची घाई. खरं तर आधी शिकायचा असतो तो पुश.

डावा हात स्टिकच्या वरच्या टोकाला, उजवा बराच खाली. खेळायचं फक्त सपाट बाजूनं. गोल पाठ चेंडूला लागली की फाऊल. डावखुऱ्यांसाठी उलटी स्टिक नियमात बसत नाही, त्यांनाही हीच पकड शिकावी लागते. डावा खांदा ज्याला पास द्यायचा त्याच्याकडे वळवावा, गुडघे वाकवावेत. स्टिक चेंडूला टेकलेलीच हवी, मागे न्यायची नाही. मागच्या पायावरचा भार पुढच्या पायावर येतो, उजवा हात ढकलतो, डावा मागे ओढतो आणि स्टिक चेंडूमागोमाग सरकत मित्राच्या दिशेनं रोखली जाते. आवाज जवळजवळ होतच नाही. हिटसाठी स्टिक मागे उचलावी लागते, तेवढ्यात बचावपटू सावध होतो. पुशची त्याला चाहूलच लागत नाही.

आता पास घेणारा. मुशायऱ्यात पहिल्या ओळीला ऐकणाऱ्याचा कान तयार नसेल तर दुसरी ओळ वाया जाते, इथंही तसंच. स्टिक आधीच जमिनीला टेकवून, वरची मूठ किंचित पुढे झुकवून, हात सैल ठेवायचे. घट्ट आवळले तर १५६ ते १६३ ग्रॅमचा तो टणक चेंडू भिंतीवर आपटल्यासारखा परत जातो. आणि पळणाऱ्याला पास द्यायचा तो आत्ता आहे तिथं नाही, दोन पावलांनी पोचेल तिथं.

१९७५ साली क्वालालंपूरला गवतावर आपण विश्वचषक जिंकला. पुढच्याच वर्षी माँट्रियलला ऑलिंपिक हॉकी प्रथमच कृत्रिम मैदानावर झाली आणि आपण सातवे आलो. कारणं अनेक होती, पण टर्फवर चेंडू न उसळता सरळ, वेगात धावतो, हे त्यातलं मोठं. मुरमाच्या मैदानावर खडा लागून चेंडू उडतो, म्हणून आपली मुलं तो स्टिकला चिकटवून नेतात. अशा मुलाला निवड चाचणीत एकदम टर्फवर उभं केलं, की आलेला पास त्याच्या स्टिकखालून निसटतो आणि नावापुढे फुली पडते. मला हा सरळसरळ अन्याय वाटतो. त्याला खेळ येत नाही असं नसतं, ती जमीन त्याच्या ओळखीची नसते. खडकीचा धनराज पिल्ले लहानपणी तुटक्या स्टिका घेऊनच शिकला आणि पुढे चार ऑलिंपिक खेळला.

टर्फ सगळ्यांना कुठून मिळणार? पण शाळेत बास्केटबॉलचं सिमेंटचं मैदान पुष्कळदा असतं. त्यावर चेंडू बराचसा टर्फसारखा धावतो. दोन मुलांनी दहा पावलांवर समोरासमोर उभं राहावं, मध्ये दोन चपला हातभर अंतरानं ठेवाव्यात आणि त्यांच्यामधून पुश करत राहावं. चपलांना न लागता सलग वीस पास झाले, की दोघांनी एकेक पाऊल मागे जावं.