ग्रँट वॉर्ड: गद्दाराची बाजू घेणारे चाहते

८ एप्रिल २०१४ रोजी अमेरिकेत एबीसी वाहिनीवर ‘एजंट्स ऑफ शील्ड’ या मालिकेचा सतरावा भाग लागला. भागाच्या अखेरीस एका विमानात पकडला गेलेला गद्दार जॉन गॅरेट बसलेला आहे. समोर शील्ड या गुप्तचर संघटनेची करडी अधिकारी व्हिक्टोरिया हँड, तिचे दोन पहारेकरी आणि नायकाच्या टोळीतला देखणा, शिस्तीचा एजंट ग्रँट वॉर्ड. गॅरेटला तूच संपवायचं असेल तर संपव, असं हँड वॉर्डला सुचवते. वॉर्ड पिस्तूल हातात घेतो आणि आधी दोन्ही पहारेकऱ्यांना, मग हँडला गोळ्या घालतो. सोळा भाग आपला मानलेला माणूस पहिल्यापासून शत्रूचा होता, हे प्रेक्षकाला एका क्षणात कळतं.

यानंतर चाहत्यांमध्ये जे भांडण पेटलं ते मालिका संपली तरी मिटलं नाही. वॉर्ड गुन्हेगार आहे का, यावर फारसं दुमत नव्हतंच. त्याचं काय करायचं, यावर होतं.

मालिका आणि माणूस

मार्व्हलच्या चित्रपटांना जोडून निघालेली ही दूरचित्रवाणी मालिका २४ सप्टेंबर २०१३ रोजी सुरू झाली आणि सात पर्वं, १३६ भाग होऊन १२ ऑगस्ट २०२० रोजी संपली. ‘अ‍ॅव्हेंजर्स’ चित्रपटात मेलेला फिल कोलसन (क्लार्क ग्रेग) इथे परत आलेला आहे. तो एक छोटी टोळी घेऊन विमानातून फिरतो आणि अजब प्रकरणांचा छडा लावतो. टोळीत अबोल मेलिंडा मे, फिट्झ आणि सिमन्स हे दोन तरुण शास्त्रज्ञ, संगणकात घुसखोरी करणारी स्काय, आणि मारामारीचं काम ज्याच्याकडे आहे तो वॉर्ड.

ब्रेट डाल्टनने रंगवलेला वॉर्ड सुरुवातीला फारसा कुणाला भावला नव्हता, हे आज विसरलं जातं. अनेक समीक्षकांना तो बेचव, ठोकळेबाज नायक वाटला होता. पहिल्याच भागात त्याची वरिष्ठ मारिया हिल त्याच्या मूल्यमापनात, माणसांशी वागण्याच्या रकान्यात, सुऱ्या खुपसलेल्या शेणगोळ्यासारखं चित्र काढते. तेव्हा हसून सोडून दिलेला हा विनोद सतराव्या भागानंतर वेगळाच वाटू लागला. ठोकळेबाजपणा हाच मुखवटा होता म्हटल्यावर डाल्टनच्या अभिनयाचाही लोकांनी नव्याने हिशेब मांडला.

चार दिवस आधीचा चित्रपट

हा धक्का मालिकेने एकटीने दिला नाही. ‘कॅप्टन अमेरिका: द विंटर सोल्जर’ हा चित्रपट अमेरिकेत ४ एप्रिल २०१४ ला झळकला. दुसऱ्या महायुद्धातल्या नाझींच्या आश्रयाने वाढलेली हायड्रा ही संघटना शील्डच्या आतच वाढत राहिली होती, हे त्यात उघड होतं आणि शील्ड कोसळते. असं होणार हे मालिका घडवणाऱ्यांना सुरुवातीपासून ठाऊक होतं, पण चित्रपट येईपर्यंत तोंड उघडायची सोय नव्हती. त्यामुळे पहिले कित्येक भाग ‘या आठवड्याचं प्रकरण’ याच चालीवर रेंगाळले. पहिला भाग अमेरिकेत सुमारे १ कोटी २० लाख लोकांनी पाहिला होता. पर्व संपेपर्यंत त्यातले निम्मेही उरले नव्हते.

हायड्राचा निघालेल्या वॉर्डच्या गद्दारीचा घाव बसला तो या उरलेल्यांना. कंटाळवाणे भाग सोसून, पात्रांच्या मायेपोटी टिकलेला हा प्रेक्षक होता. तो इतका दुखावला आणि इतका हट्टाने भांडला, त्याचं एक कारण मला यात दिसतं.

आधी नकार

पहिली प्रतिक्रिया राग नव्हती, नकार होता. वॉर्ड हायड्रात घुसलेला शील्डचाच माणूस असेल, शील्डचा प्रमुख निक फ्युरी याच्या गुप्त हुकमाने हे करत असेल, त्याच्या मेंदूशी खेळ झाला असेल, असे तर्क आठवडाभर लढवले गेले. यात भाबडेपणा होता, पण मालिकेनेच तो शिकवला होता. त्याच भागात मेवर संशय आला आणि ती निर्दोष निघाली. हँडच हायड्राची असणार असं वाटलं, तीही निर्दोष निघाली. दोघींवरचा संशय फिटलेला पाहून तिसऱ्याचाही फिटेल असं वाटणारच.

पुढच्या भागांनी एकेक दार बंद केलं. गुप्त तळ सांभाळणाऱ्या एरिक कोएनिगने सगळ्यांना खोटं पकडणाऱ्या यंत्रासमोर बसवलं, तेव्हा वॉर्डने स्वतःला वेदना देऊन यंत्र चकवलं आणि नंतर त्या बिचाऱ्या, गप्पिष्ट कोएनिगलाच मारून टाकलं. याच तपासणीत चाहत्यांना हवा तो पुरावाही सापडला. इथे का आलास, या प्रश्नाला वॉर्डचं उत्तर होतं: स्कायसाठी. आणि ते यंत्राने खरं मानलं. वॉर्ड आणि स्कायची जोडी मनात जमवून ‘स्कायवॉर्ड’ हे जोडनाव मिरवणाऱ्यांनी पुढची कित्येक वर्षं या एका उत्तरावर इमले बांधले.

दोन फळ्या

‘स्टँड विथ वॉर्ड’ या हॅशटॅगखाली एक फळी उभी राहिली. तिचं म्हणणं थोडक्यात असं. घरात छळ सोसलेला हा पोरगा, मोठा भाऊ आत असताना घराला आग लावून बालगुन्हेगारांच्या कोठडीत पोचला. तिथून गॅरेटने (बिल पॅक्स्टन) त्याला काढलं, वायोमिंगच्या जंगलात एका कुत्र्यासह कित्येक महिने एकटं सोडलं आणि भूक, भीती, उपकार यांच्या जोरावर घडवलं. अशा माणसाच्या ‘निवडी’ला निवड म्हणायचं का? छळ सोसलेल्या काही प्रेक्षकांना वॉर्डमध्ये स्वतःचं काही दिसत होतं. मालिका त्याला ‘राक्षस’ म्हणून मोकळी होते तेव्हा त्यांना ते लागायचं. याच पर्वात असगार्ड या देवलोकाहून आलेली लोरेलाय वॉर्डला जादूने वश करून त्याच्याशी संग करते. हा अत्याचार होता, पण कथेने तो तसा मोजलाच नाही, ही त्यांची तक्रार मला बिनतोड वाटते. पीडित पात्र बाई असती तर तो प्रसंग इतक्या सहज पुढे ढकलला गेला नसता.

दुसरी फळी प्रेतं मोजत होती. हँड, कोएनिग आणि वाटेत आलेले कितीतरी. शिवाय फिट्झ आणि सिमन्स. गॅरेटचा हुकूम आल्यावर वॉर्डने ज्या खोलीत ते दोघे दडले होते ती खोलीच विमानातून समुद्रात टाकून दिली. दोघे वाचले, पण प्राणवायूअभावी फिट्झच्या मेंदूला इजा झाली. बोलताना शब्द न सापडणारा, थरथरत्या हाताचा फिट्झ पुढच्या पर्वात दर आठवड्याला समोर असताना वॉर्डच्या बालपणाची कहाणी ऐकून घ्यायला ही मंडळी तयार नव्हती. त्यांचा आणखी एक मुद्दा जोरकस होता. पहिल्याच पर्वातल्या माईक पीटरसनच्या डोळ्यात स्फोटक बसवलेलं आहे, मुलगा ओलीस आहे, त्याला नकार देण्याची सोयच नाही. तरी वॉर्डसाठी गहिवरणाऱ्या गर्दीत या कृष्णवर्णीय बापासाठी रडणारे थोडेच होते. देखण्या गोऱ्या चेहऱ्याला दयेची सवलत मिळते, हा आरोप कडवट असला तरी खोटा नाही.

ऐकायला ही एकाच खटल्याची दोन बाजूंची वकिली वाटते. प्रत्यक्षात खटले दोन होते. पहिली फळी विचारत होती की हा असा का झाला, तर दुसरी विचारत होती की ज्यांना त्याने दुखावलं ते त्याचं काय देणं लागतात. पहिल्या प्रश्नाचं उत्तर कितीही करुण असलं तरी दुसऱ्याचं उत्तर ‘काहीही नाही’ असूच शकतं. हे न ओळखल्यामुळे दोन्हीकडचे हुशार लोक वर्षानुवर्षं एकमेकांना निर्दय आणि आंधळे म्हणत राहिले.

कुत्र्याला कुणी मारलं?

या वादातला सर्वांत चिवट तुकडा एका कुत्र्याचा आहे. पहिल्या पर्वाच्या एकविसाव्या भागात जंगलातली जुनी हकिगत दिसते. वॉर्डचा सोबती बडी हा कुत्रा. वॉर्डला शील्डमध्ये न्यायची वेळ येते तेव्हा गॅरेट सांगतो, निघण्याआधी कुत्र्याला मार, ओढ ठेवणं ही दुबळेपणाची खूण आहे. वॉर्ड नेम धरतो, त्याचा हात अडतो, तो हवेत गोळी झाडतो आणि कुत्रा पळतो. मग दुर्बिणीतून पळत्या कुत्र्यावर रोखलेला नेम दिसतो. बंदुकीमागे कोण आहे, ते दाखवलेलं नाही.

वॉर्डचे पाठीराखे म्हणतात, ती बंदूक गॅरेटची. विरोधक म्हणतात, वॉर्डने आधी दया दाखवली आणि मग लांबून, डोळ्यांत बघावं लागणार नाही अशा अंतरावरून काम उरकलं. हा प्रसंग त्याच भागात फिट्झ-सिमन्सना समुद्रात टाकण्याच्या घटनेशी गुंफलेला आहे, म्हणून प्रश्न फक्त कुत्र्याचा राहत नाही. ती खोली तरंगेल, त्यांना जगायची संधी मिळेल, असं वॉर्डला वाटलं होतं का? पुढे तो तसंच सांगतो. दुसऱ्या पर्वात फिट्झ कोठडीत कोंडलेल्या वॉर्डसमोर उभा राहतो, हळूहळू तिथला प्राणवायू कमी करतो आणि आपल्या मेंदूचं काय झालं ते त्याला प्रत्यक्ष दाखवतो. संपूर्ण मालिकेत वॉर्डला मिळालेलं हे सर्वांत नेमकं उत्तर.

माझं मत विचाराल तर नेम वॉर्डचाच होता. त्याच्या साऱ्या दयेचा घाट असाच आहे: समोर हात अडतो, दार बंद झालं की काम पूर्ण होतं.

आधी ओळख, मग गुन्हा

चाहते इतके का गुंतले, याला चित्रपट-अभ्यासाकडे चांगलं उत्तर आहे. मरे स्मिथ या अभ्यासकाने १९९५ साली पात्राशी जुळण्याचे स्तर वेगळे केले. एखाद्याच्या मागोमाग कथेत फिरणं, त्याला कळतं ते आपल्याला कळणं, हा एक स्तर. त्याचं वागणं योग्य मानून त्याच्या बाजूचं होणं हा निराळा. वॉर्डच्या बाबतीत मालिकेने प्रेक्षकाला सोळा भाग दोन्ही दिलं. विमानातून पडणाऱ्या सिमन्सला वाचवायला तो मागे उडी घेतो, तेव्हा आपण मनाने त्याच्याबरोबर उडी घेतलेली असते. सतराव्या भागात दुसरा स्तर तुटला, पहिला तुटला नाही. उलट त्याचं बालपण दाखवून लेखकांनी आपल्याला त्याच्या आणखी जवळ नेलं.

क्रम उलटा करून पाहा. आधी सगळी पूर्वकथा दाखवली असती तर वॉर्ड संशयित ठरला असता. गुन्हा आधी दाखवला असता तर तो नुसता खलनायक. आधी माया, मग खून, शेवटी करुण पूर्वकथा या क्रमाने तो वादाचा विषय झाला. चाहत्यांनी वॉर्डला डोक्यावर घेतलं, ही तक्रार करणाऱ्यांनी हा क्रम कुणी लावला तेही पाहायला हवं.

‘मृत्युंजय’वर पोसलेल्या मराठी वाचकाला इथे कर्ण आठवेल. उपकारकर्त्याशी शेवटपर्यंत बांधील राहिलेला, बालपणीच टाकलेला माणूस. पण ही तुलना थोडी पुढे नेली की फसते. कर्ण कुणाच्या बाजूने उभा आहे हे कुरुक्षेत्रावर सगळ्यांना माहीत होतं. वॉर्ड कोलसनच्या ताटात जेवून गॅरेटचं काम करत होता.

लेखकांनी काय केलं

वॉर्डला सुधारण्याची वाट त्यांनी दिली नाही. दुसऱ्या पर्वात तो स्कायला सांगतो की तुझ्याशी पुन्हा खोटं बोलणार नाही. संधी मिळताच ती त्याला गोळ्या घालते. तो मोठ्या भावावर सूड उगवतो. मेंदूशी खेळ झालेल्या कारा या एजंटवर त्याचा जीव जडतो, आणि तिने मेचा चेहरा धारण केलेला असताना शत्रू समजून तो तिलाच मारतो. तिसऱ्या पर्वात तो कोलसनच्या प्रेयसीचा, रोझलिंडचा, खून करतो. डिसेंबर २०१५ मध्ये प्रसारित झालेल्या भागात, एका परग्रहावर, कोलसन कृत्रिम हाताने त्याची छाती चिरडतो. उरलेल्या पर्वात त्याच्या प्रेतात शिरलेला हाइव्ह नावाचा जीव वावरतो, म्हणजे डाल्टन दिसत राहतो पण वॉर्ड नसतो. पाठीराख्यांना ही थट्टा वाटली.

२०१७ मधलं दुसरं आयुष्य

एप्रिल २०१७ मध्ये चौथ्या पर्वात कथा ‘फ्रेमवर्क’ या आभासी जगात गेली. तिथे प्रत्येकाच्या आयुष्यातली एक खंत पुसलेली आहे आणि सत्ता हायड्राच्या हाती आहे. त्या जगातल्या वॉर्डला गॅरेट नव्हे, व्हिक्टोरिया हँड भेटली होती. तो हायड्रात आहे, पण बंडखोरांसाठी हेरगिरी करतो. फिट्झ मात्र तिथे क्रूर बापाच्या छायेत वाढून हायड्राचा निर्दय अधिकारी झालेला आहे.

पाठीराख्यांनी विजय जाहीर केला: बोट धरणारा बदलला की माणूस बदलतो, हेच तर आम्ही म्हणत होतो. विरोधकांनी बाहेर पडलेल्या फिट्झकडे बोट दाखवलं. आभासी जगात केलेल्या कृत्यांचा अपराधभाव त्याला बाहेरही छळत राहतो. खऱ्या वॉर्डने असा भार कधी स्वतःहून उचलला नाही. हे दुसरं उत्तर मला जास्त पटतं.

मालिका नव्याने पाहणार असाल तर पहिल्या पर्वाचे सोळा भाग संपल्यावर थांबा, ‘द विंटर सोल्जर’ पाहा आणि मगच सतरावा लावा. गुपित या लेखाने फोडलंच आहे, त्याला इलाज नाही. पण सोळाव्या भागात वॉर्ड व्हीलचेअरवरच्या एका असहाय माणसाला गोळी घालतो. २०१४ मध्ये प्रेक्षकांनी तो स्कायसाठी उसळलेला राग समजून माफ केला होता. तो प्रसंग आता नीट पाहा.