डायलिसिसवरील रुग्णाने पाणी किती प्यावे?

गेल्या उन्हाळ्यातील रविवारची रात्र. दिवा पूर्वेला राहणाऱ्या एका गृहस्थांना दम लागला म्हणून त्यांच्या पत्नीने मला घरी बोलावले. हे गृहस्थ सोमवार, बुधवार व शुक्रवारी ठाण्याला डायलिसिससाठी जातात. आडवे होताच श्वास कोंडत होता, पाय सुजले होते. शुक्रवारी डायलिसिसनंतर वजन ६१ किलो होते, ते साडेचौसष्ट भरले.

"डॉक्टर, दिवसाला तीन पेल्यांवर चौथा पेला पाणी घेत नाही," ते म्हणाले. ते खोटे बोलत नव्हते. पण चार वेळचा चहा, दुपारचे ताक, आमटी आणि कलिंगड यांचा हिशोब कोणीच ठेवला नव्हता.

"वहिनी, जेवणात काय असतं?"

"सुकट नाहीतर सुके बोंबील. दुसरं काही त्यांना गोडच लागत नाही."

त्यांना तातडीने रुग्णालयात नेऊन डायलिसिस करावे लागले. सुदैवाने ते बचावले.

असे का होते? निरोगी मूत्रपिंडे जादा पाणी लघवीवाटे बाहेर टाकतात. ती निकामी झाली की पाणी शरीरातच साठते, प्रथम पायांत आणि पुढे फुफ्फुसांत. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. चार तासांत तीन-चार लिटर पाणी ओढून काढताना रक्तदाब उतरतो, पायांत गोळे येतात, हृदयावर ताण पडतो.

मग किती प्यावे? सर्वसाधारण हिशोब असा: आदल्या दिवशी जितकी लघवी झाली तितके, अधिक अर्धा लिटर. लघवी २०० मिलिलिटर असेल तर दिवसाला ७०० मिलिलिटर. यात चहा, दूध, ताक, आमटी, बर्फ सारे आले. आपला नेमका आकडा मात्र मूत्रपिंडतज्ज्ञांनाच विचारावा.

सकाळी तेवढे पाणी एका बाटलीत भरावे. कपभर चहा घेतला की बाटलीतले कपभर पाणी काढून टाकावे. उरले ते दिवसभराचे. पेल्याऐवजी लहान कप वापरावा, घोटघोट प्यावे, तोंड सुकले तर चूळ भरून टाकावी. रोज सकाळी वजन करून लिहून ठेवावे.

तहानेचे मूळ मात्र मिठात आहे. मीठ पोटात असताना पाणी आवरणे कोणालाच जमत नाही. दिवसाला सगळे मिळून एक लहान सपाट चमचा मीठ, म्हणजे सुमारे ५ ग्रॅम, एवढेच असावे. लोणचे, पापड, सुकी मासळी, फरसाण बंद. मधुमेह असल्यास साखर ताब्यात ठेवावी, कारण वाढलेली साखरही तहान वाढवते. 'कमी सोडियम'चे मीठ आणि शहाळ्याचे पाणी टाळावे. त्यातील पोटॅशियमने हृदय बंद पडू शकते.

आडवे झाल्यावर दम लागला तर पुढच्या पाळीची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. आणि ज्यांना डायलिसिस लागत नाही त्यांनी हा लेख वाचून आपले पाणी तोडू नये.

डायलिसिस म्हणजे शेवट नव्हे. जयप्रकाश नारायण यांच्यावर १९७५ साली मुंबईच्या जसलोक रुग्णालयात डायलिसिस सुरू झाले. त्यानंतर १९७९ पर्यंत ते जगले आणि १९७७ मध्ये जनता पक्षाच्या उभारणीत अग्रभागी राहिले.

आमच्या त्या गृहस्थांच्या घरी आता खुणा केलेली बाटली आहे, सुकट नाही. दोन पाळ्यांमध्ये वजन दीड किलोच्या वर जात नाही.