पेटिट हॉलचा जिना

मुंबईत नरिमन पॉइंटला एनसीपीएच्या (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) जमशेद भाभा नाट्यगृहात शिरलं की भव्य संगमरवरी जिना नजरेत भरतो. मैफलीची वेळ झालेली असते, लोक भराभर पायऱ्या चढून जातात. हा जिना या वास्तूसाठी घडवलेलाच नाही. तो मलबार हिलवरच्या पेटिट हॉलचा आहे. हवेली पाडली गेली, तिच्या जागी टॉवर आले, नावही त्यांनाच मिळालं. जिना तेवढा इथे येऊन राहिला.

पेटिट हे पारशी गिरणीमालकांचं घराणं. सर दिनशॉ माणेकजी पेटिट (1823–1901) यांनी मुंबईत कापडगिरण्यांचा मोठा पसारा उभारला. 1890 मध्ये त्यांना बॅरोनेट हा वंशपरंपरागत किताब मिळाला. त्यांची पणती रतनबाई याच घराण्याच्या वैभवात वाढली आणि 1918 मध्ये वडिलांचा विरोध पत्करून तिने बॅरिस्टर महंमद अली जीनांशी लग्न केलं.

सोलापूरकरांना ही गिरणीची श्रीमंती नवी नाही. आपण जिला जुनी गिरणी म्हणतो, ती 1870 च्या दशकात उभी करणारे मोरारजी गोकुळदास हे मुंबईचेच शेठ. सुताचा पैसा जिथे गेला, तिथे चाळीही झाल्या आणि महालही झाले.

पेटिट हॉलचा जिना ज्या नाट्यगृहात आहे, त्याची कथाही साधी नाही. बांधकाम पुरं होत आलं असताना 1997 मध्ये आग लागली. एनसीपीएचे संस्थापक जमशेद भाभा तेव्हा ऐंशीच्या पुढे होते, तरी त्यांनी काम पुन्हा उभं केलं आणि 1999 मध्ये नाट्यगृह खुलं झालं. अणुशास्त्रज्ञ डॉ. होमी भाभांचे हे धाकटे भाऊ. मलबार हिलवरचं ‘मेहरांगीर’ हे त्यांचं घर. आई मेहरबाई आणि वडील जहांगीर यांच्या नावांवरून ठेवलेलं. होमी भाभाही तिथेच राहत. 2007 मध्ये जमशेद गेले आणि घर त्यांच्या इच्छेप्रमाणे एनसीपीएकडे आलं. एनसीपीएने लिलाव ठरवल्यावर अणुऊर्जा क्षेत्रातल्या काही कर्मचाऱ्यांनी होमी भाभांच्या स्मारकासाठी न्यायालय गाठलं. उच्च न्यायालयाने लिलावाला स्थगिती दिली नाही. जून 2014 मध्ये घर 372 कोटींना विकलं गेलं, 2016 मध्ये पाडलं गेलं. कायद्याने सगळं चोख होतं, पैसाही कलेच्याच कामाला आला. तरी दुसऱ्याच्या घराचा जिना जपणाऱ्या माणसाचं स्वतःचं घर राहू नये, याचं मला फार वाईट वाटतं. सरकारने ते विकत घ्यायलाच हवं होतं.

सोलापुरात वारदांची इंद्रभुवन ही हवेली मात्र वाचली. कारण सरळ आहे: 1964 मध्ये इथे महानगरपालिका झाली आणि तिच्या कार्यालयामुळे त्या वास्तूला रोजचं काम मिळालं. दाखल्यासाठी, तक्रारीसाठी लोकांची ये-जा सुरू राहिली की छत गळतंय हे कुणाच्या तरी लक्षात येतं. पेठांतल्या खाजगी वाड्यांना असा आधार नाही. भाऊबंदकी, भाडेकरू, दुरुस्तीचा खर्च, मग बिल्डर. मालकांना दोष देण्यात अर्थ नाही.

पण वाडा पाडायचं ठरलंच असेल, तर आधी कुणा वास्तुविशारदाला बोलावून मोजमाप घ्या, प्रत्येक खोलीचे फोटो काढा, आणि कोरीव खांब, चौकटी, जिने भंगारवाल्याला देण्याआधी शहरातल्या एखाद्या शाळेला, ग्रंथालयाला नक्की विचारा.